‘राहत नाही’ आणि ‘टिकत नाही’ या दोन वेगळ्या काळज्या आहेत

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचे वय ३१, यजमानांचे ३४. मूल हवे असे ठरवल्यानंतर चौदा महिने काहीच झाले नाही. मग गेल्या वर्षी दिवस गेले, सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत नुसती गर्भाभोवतीची पिशवी दिसली, आणि नवव्या आठवड्यात ‘गर्भ ९ मिलिमीटर, ठोके नाहीत’ असा अहवाल येऊन क्युरेटिंग, म्हणजे गर्भपिशवी साफ, करावे लागले. त्याला आता सात महिने झाले असून पुन्हा दिवस गेलेले नाहीत. पाळी आली की रडू येते आणि पाळी चुकण्याच्या नुसत्या कल्पनेने हातपाय गार पडतात, असे तुम्ही लिहिले आहे. आपण घाई केली का, हंडा उचलल्यामुळे हे झाले का, पुन्हा असेच होईल का, आणि आता दिवस का जात नाहीत, हे तुमचे चार प्रश्न आहेत.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्यासारख्या बायका माझ्याकडे दर आठवड्याला येतात, आणि त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट नेहमी आढळते. गर्भ राहत नाही ही एक तक्रार आहे आणि राहिलेला गर्भ टिकला नाही ही दुसरी. दोन्हींची कारणे बहुतेक वेळा वेगळी असतात, तपासण्या वेगळ्या असतात आणि किती थांबायचे याचा हिशेबही वेगळा असतो. पण मनात त्या एकत्र होतात आणि त्यांवर ‘माझेच काहीतरी चुकले’ ही तिसरी गोष्ट येऊन बसते. मग एकीची तपासणी दुसरीसाठी केली जाते, एकीचे औषध दुसरीसाठी घेतले जाते आणि भीती मात्र कमी होत नाही. म्हणून मी त्या सुट्या करून उत्तर देते. मी तुम्हाला तपासलेले नाही. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून जेवढे सांगता येते तेवढेच सांगते, आणि जिथे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे तिथे तसे म्हणते.

आधी घाईचा प्रश्न घेते, कारण तो तुम्हाला सर्वांत जास्त छळतो आहे असे वाटते. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल आणि योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ठोके दिसत नसतील, तर तो गर्भ पुढे वाढत नाही, असे मानण्याचा नियम आहे. हा आकडा मुद्दाम सावधपणे ठरवलेला आहे, जेणेकरून एकही जिवंत गर्भ चुकून काढला जाऊ नये. याहून लहान माप असेल तर एक-दोन आठवडे थांबून पुन्हा बघायचे असते. तुमचे माप ९ होते. आणखी आठ दिवस थांबला असता तरी ठोके आले नसते. निदान बरोबर होते आणि तुम्ही घाई केलेली नाही.

आता त्याच मापावरून दुसरी गोष्ट कळते. तुम्ही लिहिता की तुमची पाळी ३४ ते ३६ दिवसांनी येते. आठवडे मोजण्याची आपली पद्धत २८ दिवसांची पाळी धरून चालते. तुमचे बीज साधारण एक आठवडा उशिरा फुटते, म्हणजे कागदावर नऊ आठवडे झाले तेव्हा गर्भ प्रत्यक्षात आठ आठवड्यांचा असायला हवा होता, आणि आठ आठवड्यांचा गर्भ साधारण १६ मिलिमीटरचा असतो. ९ मिलिमीटर हे सात आठवड्यांच्या आतबाहेरचे माप आहे. याचा अर्थ वाढ त्या सोनोग्राफीच्या सुमारे आठवडाभर आधी थांबली होती. पाण्याचा हंडा तुम्ही सोनोग्राफीच्या दोन दिवस आधी उचलला. तो उचलला तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेले होते. ही तारखांची वजाबाकी मी माझ्या खोलीत कागदावर मांडून दाखवते, कारण ‘तुमची चूक नाही’ हे वाक्य बायका शेकडो वेळा ऐकतात आणि त्यावर त्यांचा विश्वास बसत नाही; कागदावरच्या तारखा बघितल्या की मात्र खांदे थोडे सैल होतात.

मग वाढ थांबली कशामुळे? पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक गर्भांमध्ये गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. आईच्या बीजातून २३ आणि वडिलांच्या शुक्रजंतूतून २३ अशी मिळून ४६ गुणसूत्रे व्हायला हवीत. बीज पक्व होत असताना वाटणी चुकते आणि कुठे एक जास्त येते, कुठे एक कमी पडते. असा गर्भ रुजतो, काही आठवडे वाढतो आणि पुढची सूचनाच नसल्यामुळे थांबतो. हे त्या एका बीजापुरते घडते. पुढच्या महिन्याचे बीज वेगळे असते, आणि बहुतेक जोडप्यांत ही चूक आनुवंशिक नसते. हंडा, एसटीचा पाच तासांचा प्रवास, नवऱ्याशी आलेला संबंध, शाळेत उभे राहून शिकवणे, घरातले भांडण, यांपैकी कशानेही गुणसूत्रांची वाटणी बदलत नाही, कारण ती गर्भ राहण्याच्या क्षणीच ठरून गेलेली असते. पपईबद्दल तुम्ही वेगळे विचारले आहे. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भपिशवी आकुंचन पावते असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे, म्हणून कच्ची पपई टाळा असे मीही सांगते. पण माहेरी खाल्लेल्या पिकलेल्या पपईच्या दोन फोडींचा तुमच्या गर्भाशी काही संबंध नाही.

पुन्हा होईल का, याला मी ‘नाही’ असे उत्तर देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकत नाही. जे खात्रीने सांगता येते ते असे. लघवीची तपासणी होऊन कळलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १० ते २० टक्के पहिल्या काही आठवड्यांतच संपतात, म्हणजे तुमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये ज्या बायका बसतात त्यांच्यातही कोणीतरी या वाटेने गेलेली असणार. एकदा असे झालेल्या, तुमच्या वयाच्या स्त्रीची पुढची गर्भधारणा पाचांपैकी चार वेळा नीट पार पडते. वयाप्रमाणे हा आकडा बदलतो. तिशीच्या आत धोका दहा टक्क्यांच्या आसपास असतो, पस्तिशीनंतर तो चढू लागतो, चाळिशीत तो तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे जातो. तुम्ही ३१ वर्षांच्या आहात, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

म्हणूनच एका गर्भपातानंतर तपासण्यांची मोठी यादी मी करत नाही. थायरॉइड, साखर, रक्तगट आणि हिमोग्लोबिन एवढे बघते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर क्युरेटिंगच्या वेळी अँटी-डीचे (निगेटिव्ह रक्तगटामुळे पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून द्यायचे) इंजेक्शन दिले होते का, ते तुमच्या डिस्चार्ज कार्डावर तपासून घ्या. दोन किंवा तीन वेळा असे झाले तर मग रक्ताच्या गाठी होण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज, गर्भपिशवीत पडदा आहे का हे दाखवणारी थ्री-डी सोनोग्राफी, आणि पडलेल्या गर्भाची गुणसूत्रतपासणी, या क्रमाने पुढे जाते. अँटिबॉडीज एकदा आढळल्या तरी बारा आठवड्यांनी पुन्हा तपासाव्या लागतात, कारण साध्या तापानंतरही त्या काही काळ वाढलेल्या दिसतात.

तुमची टॉर्च तपासणी, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही जंतूंसाठीची रक्ततपासणी, झाली आहे आणि त्यात आयजीजी पॉझिटिव्ह आल्यामुळे ‘रक्तात इन्फेक्शन आहे’ असे तुम्हाला सांगण्यात आले. इथे मला स्पष्ट लिहावे लागेल. आयजीजी म्हणजे कधीतरी पूर्वी त्या जंतूशी तुमची गाठ पडली होती आणि शरीराने ती लक्षात ठेवली आहे, एवढाच अर्थ होतो. सायटोमेगॅलो विषाणूचे आयजीजी आपल्याकडच्या बहुतेक प्रौढ माणसांत पॉझिटिव्ह येते. रुबेलाचे आयजीजी पॉझिटिव्ह असणे तर चांगले, कारण तुम्हाला त्या आजारापासून संरक्षण आहे. वारंवार गर्भपात झाले तरी ही तपासणी उपयोगाची नाही, एका गर्भपातानंतर तर मुळीच नाही. नुसत्या आयजीजीवरून लिहून दिलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्या सुरू करण्याआधी त्यांचे कारण डॉक्टरांना जरूर विचारा. या एका कागदामुळे घरात ‘सुनेच्या रक्तातच दोष आहे’ असे बोलले गेलेले मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी मला त्याचे फार वाईट वाटते.

टिकण्याचा विषय इथे थांबवते आणि राहण्याच्या विषयाकडे येते. इथे तुमच्या पत्रातच एक धागा सापडतो.

तुम्ही लिहिता, ‘आम्ही १२ ते १६ हे दिवस काटेकोर पाळतो.’ हे दिवस कोणी सांगितले ते तुम्ही लिहिलेले नाही, पण बहुतेक कॅलेंडरांत आणि बहुतेक मैत्रिणींच्या तोंडी हेच दिवस असतात, कारण ते २८ दिवसांच्या पाळीचे आहेत. बीज पाळी आल्यापासून चौदाव्या दिवशी फुटते असे सरसकट नसते. ते पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी फुटते. तुमच्या ३४ ते ३६ दिवसांच्या चक्रात तो दिवस विसावा ते बाविसावा असा येतो. बीज फुटल्यानंतर जेमतेम १२ ते २४ तास जिवंत राहते, आणि शुक्रजंतू अनुकूल स्राव असेल तर फार तर पाच दिवस तग धरतात, बहुधा दोन-तीन. म्हणजे सोळाव्या दिवशी तुमचे प्रयत्न संपत होते आणि बीज त्यानंतर चार ते सहा दिवसांनी येत होते. चौदा महिने आणि नंतरचे सात महिने यांचा मोठा भाग यातच गेला असण्याची दाट शक्यता मला वाटते. तुमची पाळी लांब असली तरी नियमित आहे; ३८ दिवसांपर्यंतचे नियमित चक्र हा आजार नाही.

यापुढे चौदाव्या दिवसापासून बाविसाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध येऊ द्या. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार सुटणारा स्राव दिसू लागला की ते दिवस सर्वांत चांगले. बीज फुटण्याआधी वाढणारे हार्मोन दाखवणारी पट्टी औषधाच्या दुकानात मिळते. एक-दोन महिने ती वापरून आपला दिवस कोणता ते कळले की पुढे तिची गरज नाही. आणि हे मी आग्रहाने सांगते की, तारखांचा ताण असह्य होत असेल तर मोजणे सोडून द्या आणि महिनाभर दोन-तीन दिवसांआड जवळ या. त्यातही बीजाचा दिवस चुकत नाही. ‘आज तारीख आहे’ या वाक्याने कित्येक जोडप्यांमधला ओलावा आटलेला मी पाहिला आहे, आणि तो परत यायला वेळ लागतो.

दिवस बरोबर पाळले तरी निरोगी जोडप्याला एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता २० ते २५ टक्के एवढीच असते. वर्षभरात शंभरातल्या सुमारे ८०-८५ जणींना दिवस जातात, दुसऱ्या वर्षअखेर नव्वदांच्या वर. पस्तिशीच्या आत एक वर्ष आणि पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून तपासण्यांकडे वळायचे, हा नियम या आकड्यांवरून आला आहे. मध्ये गर्भ राहून गेला की मुदत नव्याने मोजतात. पण तुमचे एकंदर एकवीस महिने धरता, मी तुम्हाला ‘अजून थांबा’ एवढेच सांगून परत पाठवणार नाही.

पहिली तपासणी तुमच्या यजमानांची. तुमच्या फाइलमध्ये तुमचे अकरा अहवाल आहेत आणि त्यांचा एकही नाही, हे वाचून मला नवल वाटले नाही. पण हे बदलायला हवे. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर. वीर्यतपासणी स्वस्त आहे, वेदनारहित आहे आणि एका दिवसात होते. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो. गर्भ एकदा राहिला म्हणजे त्यांचे सर्व ठीक आहे असे गृहीत धरता येत नाही, कारण शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि मधल्या काळातला मोठा ताप, तंबाखू-गुटखा, दारू किंवा व्यायामशाळेत घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने यांमुळे संख्या खाली येऊ शकते. याच कारणाने व्यसन सोडल्याचा परिणाम दिसायलाही तीन महिने द्यावे लागतात. यजमान टाळाटाळ करत असतील तर त्यांना माझे नाव न सांगता एवढेच सांगा की डॉक्टर दोघांना एकत्र बोलावत आहेत. बहुतेक पुरुष भीतीपोटी टाळतात, आणि बायको शेजारी बसलेली असली की येतात.

दुसरे, तुमच्या पाळीबद्दल एक विचारायचे राहिले. क्युरेटिंगनंतर पाळीचा अंगावरून जाण्याचा प्रवाह पूर्वीइतकाच आहे का? पूर्वी चार दिवस जात असेल आणि आता एखाददुसऱ्या दिवसावर आला असेल, तर गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराला चिकटे पडले आहेत का हे बघावे लागते. असे क्वचित होते, आणि झाले तर दुर्बिणीने ते सोडवता येतात. प्रवाह पूर्वीसारखाच असेल तर ही काळजी काढून टाका. आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही म्हणून विचारते. तुम्हाला किंवा घरात कोणाला क्षय झाला होता का? आपल्या भागात गर्भनलिका खराब होण्यामागे क्षय हे कारण मला पुन्हा पुन्हा सापडले आहे आणि रुग्णाला ते सांगावेसे वाटत नाही. तसे काही असेल तर नलिकांची तपासणी लवकर करावी. नसेल तर, गर्भ एकदा राहिल्यामुळे निदान एक नलिका त्या वेळी काम करत होती हे आपल्याला माहीत आहे. म्हणून मी आधी वीर्यतपासणी आणि थायरॉइड करून, योग्य दिवस साधून चार ते सहा महिने देईन आणि त्यानंतर नलिकांकडे वळेन. ‘एएमएच (रक्तातले एक हार्मोन) कमी आहे’ असे कोणी सांगून घाबरवले तर लक्षात ठेवा की त्या आकड्यावरून बीजांचा साठा कळतो, नैसर्गिकरीत्या दिवस जातील की नाही ते कळत नाही.

तयारीचे म्हणाल तर थोडकेच आहे. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आजपासून रोज घ्या. मधुमेह किंवा फेफऱ्याची औषधे असतील तर मात्रा डॉक्टर वाढवतात. टॉर्चच्या अहवालात रुबेलाचे आयजीजी निगेटिव्ह असते तर मी लस देऊन एक महिना थांबायला सांगितले असते. तुमचे पॉझिटिव्ह आहे, तेव्हा तो प्रश्न नाही. मिश्री लावत असाल तर सोडा. दातांना लावलेली मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच असतो, तो रक्तात उतरतो, आणि आमच्या भागात सुशिक्षित घरांतही ही सवय लपून असते. गर्भपातानंतर सहा महिने थांबायलाच हवे असे पूर्वी सांगत असत. आता एवढे थांबण्याची गरज नाही हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. एक पाळी येऊन गेली आणि मन तयार असले की पुरे.

सासूबाई म्हणतात की पुढच्या वेळी तीन महिने खाटेवरून उतरायचे नाही. त्यांच्या म्हणण्यामागे माया आहे हे मला दिसते, पण पडून राहिल्याने गर्भपात टळतो असे कोणत्याही नीट केलेल्या अभ्यासात आढळलेले नाही. पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका मात्र वाढतो, नोकरी बुडते, आणि चोवीस तास छताकडे बघत पडलेल्या बाईच्या मनात दुसरे येणार तरी काय? गर्भाला आधार देणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनबद्दल माझी भूमिका अशी आहे की, सरसकट देत नाही. ब्रिटनमधल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, पूर्वी गर्भपात झालेला आहे आणि या खेपेला डाग लागले आहेत, अशा स्त्रियांना योनीमार्गातून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनचा काही उपयोग होतो. जितके गर्भपात अधिक, तितका अधिक. तुम्हाला पुढच्या वेळी डाग लागले तर मी ते सोळा आठवड्यांपर्यंत देईन. रक्त पातळ करणारी पोटावरची इंजेक्शने मात्र अँटीफॉस्फोलिपिडचे निदान असल्याशिवाय घेऊ नका.

आता मनाबद्दल. हे मी शेवटी लिहीत असले तरी माझ्या लेखी ते कमी महत्त्वाचे नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आली, तिलाही तुमच्यासारखाच एक गर्भपात झालेला होता. तिने पर्समधून डब्याच्या रुमालात बांधलेली पुरचुंडी काढून टेबलावर उलगडली. आत गर्भतपासणीच्या नऊ पट्ट्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर बॉलपेनने तारीख आणि वेळ. सातव्या दिवसाची रेघ सहाव्या दिवसापेक्षा फिकट आली होती आणि त्या रात्री ती झोपली नव्हती. मी तिला विचारले, त्या दिवशी पाणी जास्त प्यायलात का? ती बराच वेळ आठवत राहिली आणि मग म्हणाली की, हो, त्या दिवशी उन्हातून आले होते. पट्टीची रेघ लघवी किती पातळ आहे यावर गडद-फिकट होते. गर्भाची वाढ मोजण्यासाठी ती बनवलेलीच नाही. पाळी चुकल्यावर एकदा तपासा, हवी तर दोन दिवसांनी आणखी एकदा, आणि उरलेल्या पट्ट्या घरात ठेवू नका.

आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात आणि तोवर बाहेर बोलायचे नाही, अशी रीत आहे. आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होते की जे जायचे ते बहुधा पहिल्या तीन महिन्यांत जाते. त्या रीतीचे मला वाईट वाटत नाही. पण तिचा एक परिणाम असा होतो की, दिवस गेल्याचे कोणाला माहीत नसते, म्हणून गेलेल्याचे दुःखही कोणाला माहीत होत नाही, आणि बाई तिसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर जाते. तुम्हीही तशाच गेलात. गर्भपातानंतर ६ आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवलेली आहे. ती वेळ तुमच्या हातून गेली, पण तुमच्या मैत्रिणींना हे सांगा. पुढच्या वेळी यजमानांखेरीज एका माणसाला पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा, बहीण असो की मैत्रीण. अशी निवडा की जी सल्ला न देता ऐकून घेईल.

हळदीकुंकवाला गेल्यावर ‘गोड बातमी कधी?’ असे विचारतात, आणि ओटी भरताना तुम्हाला वगळून पुढे गेल्या, हे तुम्ही लिहिले आहे. ते वाचून मला थांबावे लागले. एखाद्या वर्षी जाऊ नका. त्यात कोणाचा अपमान नाही. विचारणाऱ्यांसाठी एकच वाक्य ठरवून ठेवा, ‘झाले की तुम्हाला नक्की सांगू,’ आणि तेच दर वेळी म्हणा; दर वेळी नवे उत्तर शोधण्यातच माणूस थकतो. यजमान गप्प आहेत याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही असा धरू नका. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर एकटे बसून रडणारे पुरुष मी पाहिले आहेत, आणि आत आल्यावर त्यांनी फक्त बिलाचे विचारले.

भीती राहणारच आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, सोनोग्राफीची खोली पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर तो उपचाराचा विषय आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जगू नये असे एकदाही वाटले तर वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.

पुन्हा पाळी चुकेल तेव्हाचे आता सांगते. पट्टीवर दोन रेघा आल्या की डॉक्टरांना कळवा, पण सोनोग्राफीची घाई करू नका. मागच्या वेळी कागदावरच्या सहाव्या आठवड्यात तुमची सोनोग्राफी झाली. तुमचा गर्भ तेव्हा प्रत्यक्षात पाच आठवड्यांचा होता, आणि पाच आठवड्यांना ठोके कोणाचेच दिसत नाहीत. नुसती पिशवी दिसणे त्या दिवशी अगदी योग्य होते, पण त्यामुळे तुमचे तीन आठवडे भीतीत गेले. तुमच्या बाबतीत पहिली सोनोग्राफी कागदावरच्या आठव्या आठवड्यात करावी. ठोके दिसले आणि रक्तस्राव नसला, तर तिथून पुढे गर्भ जाण्याची शक्यता शंभरात चार-पाचांच्या आत येते. त्याआधी एका बाजूला तीव्र दुखले, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा खांद्याच्या टोकाशी दुखू लागले, तर गर्भ नलिकेत असू शकतो. अशा वेळी रात्र असली तरी निघा. तासाला दोन पॅड भिजत असतील किंवा थंडी वाजून ताप आला, तरीही तसेच. नुसते तपकिरी डाग लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवले तरी चालते.

सोनोग्राफीला यजमानांना आत घेऊन जा. टेबलावर आडवे होण्याआधी डॉक्टरांना सांगा, ‘मागच्या वेळी ठोके नव्हते. दिसले तर आधी तेवढेच सांगा, मापे नंतर घ्या.’ आम्ही डॉक्टर पडद्याकडे बघत गप्प राहून मापे घेत असतो. आमच्या दृष्टीने ती दोन मिनिटे असतात, आणि तेवढ्यात टेबलावरची बाई सगळे गमावून बसलेली असते. एका रुग्णाने मला हे असेच सांगितले, त्या दिवसापासून मी प्रोब ठेवल्याबरोबर आधी ठोके शोधते, स्क्रीन तिच्याकडे वळवते आणि मग फूटपट्टीचे बटण दाबते.